वजनकाटा थांबलाय, पाय थांबू नयेत म्हणून तुम्ही काय करता?

अजिंक्यवाट
१८ सप्टेंबर, रात्री १०:२०

बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहितेय. वय ४२, उंची पाच फूट दोन इंच, राहायला साताऱ्यात, नोकरी शाळेत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझं वजन ८४ किलो होतं आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आली. आईला मधुमेह, मावशीला मधुमेह. डॉक्टर म्हणाले, अजून गोळी नको, पण उंबरठ्यावर आहात. त्याच संध्याकाळी मी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागले आणि पहिल्याच वळणावर दम लागून कठड्यावर बसले. तिथून सुरुवात झाली. आधी नुसतं चालणं. दिवाळीनंतर विजेच्या दोन खांबांमधलं अंतर धावायचं, पुढचे दोन खांब चालायचे. या मार्चमध्ये पहिल्यांदा न थांबता ५ किलोमीटर धावले. जूनपर्यंत वजन ७३ झालं.

आणि तिथे जे अडकलं ते अडकलंच. जुलै गेला, ऑगस्ट गेला, काटा ७२.८ ते ७३.६ यातच फिरतोय. खाणं तेच, धावणं तेच. त्यात साताऱ्याचा पाऊस, मग गौरी-गणपती. गणपती बसले त्या दिवसापासून आज २२ दिवस पायात बूट घातलेले नाहीत. पाच वाजता गजर होतो, मी उठते, डबे करते, पण दार उघडून बाहेर पडत नाही. याला आळस म्हणवत नाही. आतून एकच प्रश्न येतो, कशासाठी? वजन उतरत होतं तोवर हा प्रश्न कधी पडलाच नाही.

या महिन्यात इथली हिल हाफ मॅरेथॉन झाली. यवतेश्वरच्या घाटात मी दरवर्षीसारखी टाळ्या वाजवायला उभी होते. माझ्या वयाच्या, माझ्याहून जड अंगाच्या बायका घाट चढून जात होत्या. तिथे टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन खूप रडले.

भाषणांचे व्हिडिओ मी पाहिलेत, त्यांची ऊब दोन दिवस टिकते. नोकरी, घर, सासूबाईंची औषधं, मुलाची दहावी असं सगळं असताना जे वर्षानुवर्षं धावताहेत त्यांनी सांगा, ज्या दिवशी वाटत नाही त्या दिवशी तुम्ही नेमकं काय करता?


भिडे_पूल_ते_म्हात्रे_पूल
१८ सप्टेंबर, रात्री ११:०५

ताई, मी ५३ वर्षांचा, पुण्यात राहतो, अकरा वर्षं धावतोय. सगळ्यात आधी हिशेब मांडू, कारण तुमचं निम्मं दुःख हिशेबातच आहे.

धावताना साधारण दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. ८४ किलोच्या तुम्ही ५ किलोमीटर गेलात तर ४२० कॅलरी. ७३ किलोच्या तुम्ही तेवढंच गेलात तर ३६५. शिवाय बसल्याजागी लागणारी रोजची ऊर्जाही शरीर लहान झाल्यामुळे कमी झाली. म्हणजे जून २०२४ मधलं जेवण आणि आजचं जेवण ताटात सारखंच दिसलं तरी तेव्हा ते कमी पडत होतं, आता ते पुरतंय. ११ किलो उतरल्यावर काटा थांबणं यात तुमची काही चूक नाही, गणितच तसं आहे.

दुसरं, साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी, दाण्याचं कूट आणि तूप सढळ असेल तर साडेतीनशे-चारशे कॅलरी सहज देते. पाऊण तास घाम गाळून मिळवलेलं दहा मिनिटांत परत येतं. म्हणून माझं ठाम मत आहे की वजन उतरवण्याचं मुख्य काम स्वयंपाकघरातच होतं. धावण्याने दम वाढतो, साखर-रक्तदाब ताळ्यावर राहतात, झोप लागते, डोकं शांत होतं, आणि उतरलेलं वजन परत चढू न द्यायला मोठी मदत होते. धावण्याला आपण किलोंचा नोकर केलं की किलो थांबल्याबरोबर धावण्याचा राग येतो. तुमचं नेमकं तेच झालंय.

वाटत नाही त्या दिवशी मी काय करतो? बूट घालून फाटकापर्यंत जातो आणि दहा मिनिटं चालतो. दहा मिनिटांनीही नको वाटलं तर परत येतो, आणि वहीत त्या तारखेवर बरोबरची खूण करतो. कारण बाहेर पडलो होतो. अकरा वर्षांत असा परत आलेलो दिवस विरळा, पण परत यायची मुभा आहे म्हणूनच पाय उंबऱ्याबाहेर पडतो.


चिंचपोकळी
१८ सप्टेंबर, रात्री ११:३१

माझंही अगदी हेच. ९१ वरून ८२ आणि तिथेच. वाचतोय.


रोखठोक_विदर्भ
१९ सप्टेंबर, सकाळी ६:१२

स्पष्ट लिहितो. इच्छा होण्याची वाट बघणारा माणूस कधीच धावत नाही. मी नागपूरला मे महिन्यातही पहाटे साडेचारला बाहेर असतो, कारण सहा नंतर ऊन लागतं. दात घासताना इच्छा आहे का असं कोणी विचारतं का? शिस्त लावून घ्या. २१ दिवस सलग करा, सवय लागते.


दोन_लेकरांची_आई
१९ सप्टेंबर, दुपारी १:४०

रोखठोक, तुमचं म्हणणं कळतं, पण पहाटे साडेचारला तुम्ही बाहेर असता तेव्हा तुमच्या घरचा डबा कोण करतं?

मी कल्याणला राहते. ६:१२ ची लोकल पकडते. रात्री घरी यायला साडेसात. माझ्याकडे ‘सकाळ’ नाहीच. दोन वर्षं मी स्वतःला बेशिस्त समजत होते आणि त्या अपराधीपणात रात्री फरसाण खात होते. मग एक दिवस कळलं की माझी वेळच चुकीची धरली होती. आता मुलं अभ्यासाला बसली की मी सोसायटीच्या आवारात खाली उतरते. आमच्या इमारतीभोवती एक फेरी साधारण १८० मीटरची. २२ फेऱ्या म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर. आठवड्यातून तीन दिवस. लेक गॅलरीतून फेऱ्या मोजते आणि ओरडून आकडा सांगते. सुरुवातीला खालचे वॉचमनकाका विचारायचे, काही हरवलंय का. आता तेच चुकीच्या जागी लावलेली गाडी बाजूला करायला लावतात.

अजिंक्यवाट, तुम्ही पाचला उठून डबे करता म्हणालात. तुमची बाहेर पडायची वेळ डब्याच्या आधी आहे की नंतर? डब्याच्या आधी असेल तर मनातल्या मनात तुम्ही भाजी फोडणीला घालतच धावत असणार. संध्याकाळी शाळा सुटल्यावर, घरी न येता परस्पर, असं जमेल का बघा. एकदा घरात शिरलं की घर सोडत नाही, हा माझा अनुभव.


भिडे_पूल_ते_म्हात्रे_पूल
१९ सप्टेंबर, दुपारी ४:१५

२१ दिवसांबद्दल एक दुरुस्ती. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रोजची एखादी नवी गोष्ट आपसूक व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक एवढा की कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. २१ दिवसांचा धाक घातला की २२व्या दिवशी माणूस स्वतःला नापास करून मोकळा होतो.


सांधे_स्नायू
१९ सप्टेंबर, रात्री ९:५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. अशा खंडानंतर परत सुरू करणारे पेशंट माझ्याकडे ऑक्टोबरमध्ये रांगेने येतात, म्हणून आधीच सांगते.

तीन आठवड्यांच्या खंडाने दम थोडा कमी झाला असेल, तो लवकर परत येतो. पण नडगीचं हाड आणि टाचेमागची जाड नस यांना भार झेलायची सवय व्हायला दमापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे छाती म्हणते पळ, आणि नडगी आठ दिवसांनी ठणकते. पहिल्या दिवशी ५ किलोमीटर गाठायला जाऊ नका. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग. एका वाक्यासाठी दोनदा श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. असं दोन आठवडे, एक दिवस आड. मग धावण्याची मिनिटं वाढवा.

तुम्ही घाटाच्या गावात राहता, तेव्हा उताराची काळजी जास्त घ्या. चढाला दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, पण गुडघा दुखतो तो उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, ते कमजोर असले की भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. सध्या चढ धावत आणि उतार चालत करा. घरी आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि पायरीवर टाचा उचलणं एवढं तरी करा. चाळिशीनंतर बायकांचे स्नायू घटायला लागतात, वजन उतरताना ते आणखी घटतात. त्यासाठी हे आहे, आणि ताटात डाळ-उसळ-दही-अंडं यांतलं काहीतरी दोन्ही वेळा हवं.

आणि एक विचारते. तुम्ही सुरुवात केली ती ६.१ या आकड्यामुळे. पुन्हा तपासलंत का? तुमच्या पोस्टमध्ये वजनाचे चार आकडे आहेत, साखरेचा एकच आणि तोही दीड वर्षापूर्वीचा.


अजिंक्यवाट
२० सप्टेंबर, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. सांधे_स्नायू, तुमचा प्रश्न वाचून मी वही काढली. खरंच, मागच्या ऑक्टोबरनंतर तपासलेलंच नाही. तेव्हा ५.९ होती. नंतर वजनाच्या नादात ते राहूनच गेलं. घट बसायच्या आत रक्त देऊन येते.

दोन_लेकरांची_आई, होय, मी डब्याच्या आधी जायचे आणि सतत घड्याळ बघायचे. संध्याकाळबद्दल मनात एक भीती आहे ती सांगते. पहाटे अंधार असतो, कोणी बघत नाही. संध्याकाळी पोवई नाक्यावर माझ्या शाळेतली मुलं, त्यांचे पालक, सगळे असतात. ओढणी न घेता, टी-शर्ट घालून, ७३ किलोची बाई धावतेय हे त्यांच्यासमोर मला जमत नाही.


माणदेशी
२१ सप्टेंबर, सकाळी ८:३०

ताई, मी दहिवडीचा, तुमच्याच जिल्ह्यातला. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी तिने गाठली, दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीत एवढी मजल मारलेली ती पहिली भारतीय बाई. दुष्काळी गाव, मातीचे रस्ते. त्या वर्षानंतर आमच्या वस्तीवर एक बदल मी डोळ्यांनी बघितला. पोरगी रस्त्याने पळत निघाली की पारावरची म्हातारी माणसं आधी ‘कुणाची गं?’ विचारायची, नंतर ‘किती फेऱ्या झाल्या?’ विचारायला लागली.

ती कुठे आणि आपण कुठे, हे मला कळतं. पण कोणीतरी आधी दिसावं लागतं, मग दुसरीला सोपं जातं. तुमच्या शाळेतल्या एखाद्या जाड मुलीला तिच्या बाई संध्याकाळी धावताना दिसल्या तर तिला काय वाटेल, याचा विचार करा.


थेम्सकाठचा_कोल्हापूरकर
२१ सप्टेंबर, सायंकाळी ५:००

मी वाढलो रंकाळ्याच्या काठी, आता नऊ वर्षं लंडनजवळ. इथे हिवाळ्यात चारला अंधार पडतो, पाऊस आणि चिखल. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी बारा किलो वाढलो. मला वाचवलं ते पार्करनने, म्हणून त्याबद्दल लिहितो.

दर शनिवारी सकाळी नऊला, ठरलेल्या बागेत, ५ किलोमीटर, फुकट. २००४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले, तिथून हे सुरू झालं आणि आता कितीतरी देशांत चालतं. सगळं काम स्वयंसेवक करतात. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात थोर वाटते. एका स्वयंसेवकाचं कामच असतं सगळ्यात शेवटी चालायचं. म्हणजे तुम्ही कितीही हळू असा, शेवटचे तुम्ही नसताच. मी पहिल्या वेळी ४७ मिनिटं घेतली. शेवटचा किलोमीटर एक सत्तरीच्या आजीबाई माझ्यासोबत चालल्या, त्यांच्या बागेतल्या टोमॅटोबद्दल सांगत. पुढच्या शनिवारी मी धावण्यासाठी गेलो नाही, टोमॅटोंचं काय झालं ते विचारायला गेलो. असे दीडशेच्या वर शनिवार झाले.

साताऱ्यात असं काही आहे की नाही ते सोडा, दोन माणसं पुरतात. एक वार, एक जागा, एक वेळ, कधीही न बदलणारी. फोन करून ‘येतेस का’ विचारायचं नाही. विचारलं की नाही म्हणायची सोय होते. तुम्ही तिथे असणार एवढं फक्त त्यांना माहीत हवं.


माऊली_पाऊली
२१ सप्टेंबर, रात्री ८:२५

वरच्या पोस्टवरून माझे वडील आठवले. मुतखडा, पाठदुखी, सगळं असूनही सलग १४ वर्षं आळंदी ते पंढरपूर चालले. पुण्याहून सासवडचा टप्पा वारीतला सगळ्यात लांब, त्यात दिवेघाट. एका वर्षी मी सोबत होतो. २९ वर्षांचा मी घाटाच्या मध्यावर बसकण मारली, आणि ते पुढे. रात्री सासवडला विचारलं, पाय कसे चालतात तुमचे? म्हणाले, “मी कुठं चालतो, पुढचा टाळ ऐकू येतो तिकडं जातो.”

आम्ही घरी असताना त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं तरी ते रिक्षा बघायचे. हे मी वारीचं महात्म्य सांगायला लिहीत नाहीये. एकटा माणूस आणि दिंडीतला माणूस यांच्या पायांत किती फरक असतो ते मी जवळून पाहिलंय.


रोखठोक_विदर्भ
२२ सप्टेंबर, सकाळी ६:४०

दोन_लेकरांची_आई, तुमचा प्रश्न तीन दिवस डोक्यात होता. डबा माझी बायको करते. ती धावत नाही, तिला वेळच मिळत नाही. काल तिला विचारलं, तर म्हणाली शाळेत असताना ती खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत. लग्नाला १६ वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. आजपासून सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे घेतलंय. हे लिहितोय तेव्हा ती मैदानावर आहे.


दोन_लेकरांची_आई
२२ सप्टेंबर, रात्री १०:०५

रोखठोक, हे वाचून डोळे भरून आले. वहिनींना माझा नमस्कार सांगा.


अजिंक्यवाट
४ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

रिपोर्ट आला. ५.६.

प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर उभी राहून तीनदा वाचला. ५.७ पासून धोक्याची पातळी धरतात, मी तिच्या खाली आहे. आईला फोन केला, ती काहीच बोलली नाही, फक्त ‘माझी पोर’ म्हणाली. जून ते सप्टेंबर मी ज्याला वाया गेलेले महिने म्हणत होते, त्या महिन्यांतही शरीर आपलं काम करत होतं. मला ते दिसत नव्हतं, कारण मी एकाच खिडकीतून बघत होते.

नवरात्रात एक दिवस आड वीस मिनिटं, एक-दोनच्या मापाने. संध्याकाळी, शाळेतून परस्पर. पहिल्या दिवशी बूट घालताना स्टाफरूममध्ये शास्त्राच्या बाईंनी विचारलं कुठे निघालात. मी सांगितलं. त्या म्हणाल्या मीही येते, मला नुसतं चालायचंय. आज पहिला शनिवार झाला, सकाळी साडेसहा, गोडोली तळ्यापाशी. आम्ही तिघी होतो. शास्त्राच्या बाई सगळ्यात मागे, आणि मी त्यांच्यासोबत शेवटपर्यंत चालले. कोल्हापूरकर, ही तुमची कृपा.


चिंचपोकळी
२३ ऑक्टोबर, रात्री १०:४५

मीही सुरू केलंय, पण दिवाळीच्या चार दिवसांत वजन पावणेदोन किलो वाढलं. सगळं पाण्यात गेलं का?


सांधे_स्नायू
२३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

उलट, त्यातलं बरंचसं पाणीच आहे! चकली-चिवड्याचं मीठ पाणी धरून ठेवतं. गोडधोड-मैदा खाल्ला की स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा साठा होतो, आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. खरी चरबी किलोभर वाढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. चार दिवसांत कोणी तेवढं सहसा खात नाही. आठवडाभर काट्यावर उभे राहू नका, रोजचं जेवण आणि रोजचं धावणं सुरू ठेवा. बायकांनी हेही लक्षात ठेवा की पाळीच्या आधी एखादा-दीड किलो असाच वाढतो आणि उतरतो. वजन करायचंच तर रोज करून आठवड्याची सरासरी काढा, किंवा महिन्यातून एकदाच करा. अधूनमधून मनात आलं की उभं राहणं सगळ्यात वाईट.


भिडे_पूल_ते_म्हात्रे_पूल
२४ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

चिंचपोकळी, आज गेलात का? दहा मिनिटंच असली तरी इथे लिहा.


चिंचपोकळी
२४ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

गेलो होतो काका. १४ मिनिटं. वहीत खूण केली.


अजिंक्यवाट
१४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

बरेच दिवसांनी येतेय. सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

वजन ७२.९. म्हणजे तिथेच. ते खाली आणायचं आहेच, नाही म्हणणार नाही. त्यासाठी रात्रीचा भात निम्मा केलाय, शाळेतल्या वाढदिवसांच्या पेढ्यातला अर्धाच घेते. साताऱ्यात कंदी पेढा पूर्ण नाकारणं मला जमणार नाही आणि ते मला करायचंही नाही. पण धावण्याच्या वहीतून वजनाचा रकाना मी खोडून टाकला. त्याजागी ‘सोबत कोण होतं’ असा रकाना आखलाय.

मधे दोन शनिवार चुकले. एकदा सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, एकदा मला ताप होता. मी नव्हते तेव्हाही त्या तिघी जमल्या. हो, आता आम्ही पाच आहोत. पाचवी आमच्या शाळेतली नववीतली मुलगी आहे, तिच्या आईसोबत येते. माणदेशी, तुम्ही लिहिलं होतंत तशीच.

मागच्या शनिवारी आम्ही यवतेश्वर घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणापर्यंत गेलो. चढ धावत-चालत, उतार पूर्ण चालत. मी मॅरेथॉनच्या दिवशी जिथे टाळ्या वाजवत उभी होते ती जागा मुलीला दाखवली. तिने विचारलं, बाई, इथून वर अजून किती आहे? मला सांगता आलं नाही, मी कधी गेलेच नाहीये.

उद्या बघून येऊ म्हणालेय. साडेसहा, गोडोली.